अडीच गुंठे आणि ११,२०८ युरो

“फी शून्य? मग कर्ज कशाला पाहिजे?”

मॅनेजर साहेबांनी माझं ॲडमिशन लेटर तिसऱ्यांदा उलटंपालटं केलं. मागची बाजू कोरी होती, तीही त्यांनी वाचल्यासारखी केली. शेजारच्या खुर्चीत माझे वडील, आप्पा होते. मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत घरात होते नव्हते तेवढे सगळे उतारे. जून २०२४ चा दुसरा आठवडा. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि आप्पांचं निम्मं लक्ष खिडकीकडे होतं.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं शिकवायचे पैसे घेत नाहीत, बाहेरच्या देशातल्या मुलांकडूनही नाही. अपवाद आहेत. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून सत्राला १,५०० युरो लागतात, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी लावली. माझं विद्यापीठ मॅग्डेबर्गचं, तिथे फी नाही. पैसे लागतात ते जगायला. व्हिसाचा अर्ज करण्याआधी वर्षभराचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरून ठेवावा लागतो. महिन्याला ९३४ युरो, म्हणजे वर्षाचे ११,२०८. तिथे पोचल्यावर ते खातं दर महिन्याला तेवढेच पैसे सोडतं. पैसे आपलेच, पण मोजून मिळतात.

“म्हणजे कॉलेजला काहीच द्यायचं नाही,” साहेब म्हणाले. “मग आम्ही पैसे पाठवायचे कुणाला?”

असा प्रश्न येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या बाजूनं बघितलं तर तो बरोबर होता. बँकेचा फॉर्म फीच्या रकान्यापासून सुरू होत होता, आणि माझ्या पहिल्याच रकान्यात भोपळा. साहेब आप्पांकडे वळून जरा हळू आवाजात म्हणाले, “पाहुणं, फुकट शिकवणारं कॉलेज खरं असतंय का? नीट चौकशी केलीय न्हवं?”

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. तीन एकर द्राक्षबाग सांभाळणारा माणूस, औषधवाल्या दुकानदाराला न घाबरणारा, पण त्या दिवशी त्यांच्या नजरेत शंका दिसली. मला रडूच यायचं बाकी होतं.

इथवर यायलाच मला आठ महिने लागले होते. मी केमिकलची. डिग्रीनंतर दोन वर्षं कुरकुंभ एमआयडीसीत नोकरी केली, शिफ्टमध्ये. त्यातून पावणेतीन लाख साठले. बरोबरच्या दोघी अमेरिकेला निघाल्या होत्या, दोघींची कर्जं पन्नास लाखांच्या पुढे. मी एका रात्रपाळीत लॉगबुकच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. आमच्या घराला पन्नास लाख झेपणार नव्हते. वीसएक लाख, ओढूनताणून, झेपले असते. जर्मनी निवडण्यामागे एवढंच कारण होतं. नंतर मुलाखतीसाठी आणि हेतुपत्रासाठी उदात्त कारणं तयार केली, ती वेगळी.

पुण्यात एका सल्लागाराकडे गेले होते. सल्ला मोफत, कॉफी मोफत. त्यांनी दाखवलेली चारही कॉलेजं खासगी, वर्षाला दहा-बारा लाख फीवाली. सरकारी विद्यापीठांचं विचारलं तर म्हणाले, “तिथे तुमच्या प्रोफाइलला अवघड आहे.” सरकारी विद्यापीठं सल्लागारांना कमिशन देत नाहीत हे मला नंतर कळलं. त्यानंतर सगळं स्वतःच केलं.

आधी आयईएलटीएस. मग एपीएस. भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे. दिल्लीतल्या जर्मन दूतावासाचं हे शैक्षणिक कार्यालय तुमच्या मार्कशीट खऱ्या आहेत का ते तपासतं. फी १८,००० रुपये. माझ्या एका महिन्याच्या हातात येणाऱ्या पगारातले दोन तृतीयांश त्यात गेले. नोव्हेंबरात कागद पाठवले, जानेवारीत प्रमाणपत्र आलं. ज्यांनी ‘आधी ॲडमिशन तर मिळू दे’ म्हणून हे मागे ठेवलं त्यांचे हाल मी बघितले आहेत.

जर्मन गुणपद्धत उलटी आहे. १ म्हणजे सगळ्यात भारी, ४ म्हणजे काठावर पास. आपले गुण तिकडे नेण्यासाठी बव्हेरियन सूत्र वापरतात: जास्तीत जास्त गुणांतून आपले वजा करा, त्याला जास्तीत जास्त आणि किमान पास यांच्यातल्या फरकानं भागा, तीननं गुणा, त्यात एक मिळवा. माझा सीजीपीए ८.१. पासिंग ४ धरलं तर उत्तर १.९५ येतं आणि ५ धरलं तर २.१४. बऱ्याच ठिकाणी गाळणी २.० किंवा २.५ ला असते, त्यामुळे ‘किमान पास श्रेणी ४’ असं लिहिलेलं माझ्या इथल्या विद्यापीठाचं पत्र मला हवं होतं. ते पत्र मिळवायला तीन फेऱ्या वाया गेल्या. खिडकीमागचे काका म्हणाले, “हे सगळ्यांना माहितीच आहे की, लिहून कशाला पाहिजे?” चौथ्या फेरीला मीच मजकूर टाइप करून नेला, तेव्हा पाच मिनिटांत सही-शिक्का.

पाच ठिकाणी अर्ज केले. तीन युनी-असिस्टमार्फत, म्हणजे विद्यापीठांसाठी अर्ज तपासणाऱ्या जर्मन संस्थेमार्फत, पहिल्याला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०. दोन थेट. तीन नकार आले, एकाचं उत्तर अजूनही आलेलं नाही. जूनच्या सुरुवातीला मॅग्डेबर्गचं पत्र आलं. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात ते चित्र असायचं ना, दोन अर्धगोल एकमेकांना चिकटलेले आणि दोन्हीकडून घोडे ओढतायत, तरी सुटत नाहीत? सतराव्या शतकात तो प्रयोग करून दाखवणारा ऑटो फॉन गेरिके ह्याच गावचा, विद्यापीठ त्याच्याच नावाचं. मी आईला चित्र दाखवलं. ती म्हणाली, “आणि आत काय होतं?” म्हटलं, “काहीच नाही. हवा काढून घेतलेली.” “मग एवढं कशाला चिकटतंय?” असं म्हणून ती भाकरी थापायला बसली. पुढच्या दोन महिन्यांत बँकेत मला हे चित्र बऱ्याचदा आठवलं.

शिष्यवृत्त्यांचंही सांगते, कारण सगळे तेच विचारतात. राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या क्यूएस ह्या जागतिक क्रमवारीतल्या वरच्या विद्यापीठांपुरत्या. माझं त्यात बसत नव्हतं. जे. एन. टाटा एन्डॉवमेंट १८९२ पासून चालू आहे, पण ती कर्जशिष्यवृत्ती, म्हणजे पैसे परत करायचे असतात, आणि माझी अर्जाची मुदत कुरकुंभच्या शिफ्टमध्ये निघून गेली. चूक माझी. तर उरलं बँकेचं कर्ज.

पहिल्या भेटीनंतर मी विद्यापीठाला ईमेल केला. त्यांनी दोन दिवसांत पत्र पाठवलं: शिक्षणशुल्क नाही, फक्त सत्राची वर्गणी. सोबत व्हिसाच्या नियमांचं पान आणि ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे काय ह्याची एक पानाची मराठी टिपणी मी लिहून दिली. साहेबांना ती टिपणीच आवडली. विभागीय कार्यालयाला त्यांनी तीच जोडून पाठवली असं नंतर कळलं. फीच्या रकान्यात शून्य आणि ‘राहण्याचा खर्च’ ह्या रकान्यात सगळी रक्कम, असं प्रकरण त्या शाखेत पहिलंच. दोन वर्षांचा खर्च, विमा, तिकीट, लॅपटॉप धरून एकवीस लाख वीस हजार. त्यातले पंधरा टक्के आपले, म्हणजे मार्जिन. उरलेले अठरा लाख बँकेचे. मुलींना व्याजात अर्धा टक्का सवलत, ती धरून पावणेदहा टक्के. खासगी वित्तसंस्था विनातारण द्यायला तयार होत्या, पण दर बारा-साडेबारा. अठरा लाखांवर अडीच टक्के म्हणजे वर्षाला पंचेचाळीस हजार. आप्पा म्हणाले, “एवढ्यात बागंला शेणखत येतंय.”

सरकारी बँकेत साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागतं. आप्पांनी पिशवीतून बागेचा सात-बारा काढून टेबलावर ठेवला. तीन एकर बागायत, विहीर, पाइपलाइन, ठिबक. साहेबांनी ‘इतर हक्क’चा रकाना बघितला, त्यात विकास सोसायटीचा बोजा होता. तो नसता तरी उपयोग नव्हता. कर्ज बुडालं तर बँका ज्या कायद्यानं तारण विकून पैसे वसूल करतात, त्या २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. ती तारण धरायला बँक तयार होत नाही.

“म्हंजे जी जमीन विकून पैसं येतील ती तुम्हाला चालत न्हाई,” आप्पा म्हणाले.

“तुम्हाला विकता येते हो. आम्हाला नाही.”

गावातलं घर गावठाणात. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा घरपट्टीचा, त्यावरून मालकी ठरत नाही. आयकर विवरणपत्र? शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, त्यामुळे आप्पांनी जन्मात भरलेलं नाही. मग जतला झेडपी शाळेत शिक्षक असलेला मामा जामीनदार म्हणून उभा राहिला, तीन वर्षांच्या फॉर्म १६ सकट.

आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण. आप्पांचा स्कोअर बघून साहेबांनी मान हलवली. आप्पांना काहीच कळेना. कर्ज तर कधी थकवलेलं नव्हतं. निघालं काय, तर सहा वर्षांपूर्वी शेजारच्याच्या ट्रॅक्टरला आप्पा जामीन राहिले होते. कधी सही केली तेही त्यांना आठवत नव्हतं. त्याचे शेवटचे दोन हप्ते थकलेले. त्या संध्याकाळी आप्पा त्याच्या दारात गेले आणि नुसतेच कट्ट्यावर बसून राहिले, काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यानं पैसे भरले. नोंद दुरुस्त व्हायला आणखी पंधरा दिवस.

राहिला विट्याचा प्लॉट. आजोबांनी १९८७ साली घेतलेला, अडीच गुंठे, एनए म्हणजे बिगरशेती, मंजूर लेआउटमधला. हे शेवटचं फार महत्त्वाचं. सांगली-मिरजेकडे गुंठेवारीत, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय पाडलेल्या तुकड्यांत, घेतलेल्या जागा कितीही मोक्याच्या असल्या तरी नियमित झालेल्या नसल्या तर बँक हात लावत नाही. व्हॅल्युअरनं सव्वीस लाख लावले. वकिलांनी तीस वर्षांचा सर्च काढला, स्वच्छ निघाला. एकच अडचण. आजोबा २०१६ साली गेले आणि उताऱ्यावर अजून त्यांचंच नाव.

वारस नोंद म्हणजे तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, मग फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडल अधिकाऱ्याची सही. चार नावं लागली: आज्जी, आप्पा, थोरली आत्ती, धाकटी आत्ती. चौघांचा हिस्सा सारखा. हे मी पहिल्यांदाच कागदावर बघत होते. आमच्या घरात ‘आप्पांचा प्लॉट’ असंच म्हणायची पद्धत होती.

वकील म्हणाले, दोन मार्ग. बहिणींनी हक्कसोडपत्र करून द्यावं, सख्ख्या नात्यात आहे, दोनशे रुपयांचा मुद्रांक, काम सोपं. नाहीतर सगळ्या सहहिस्सेदारांनी जामीनदार म्हणून गहाणखतावर सह्या कराव्यात. “पहिलंच करा. सगळे तेच करतात. पुढं कटकट नको.”

थोरली आत्ती कोल्हापूरहून आली ती सरळ निबंधक कार्यालयातच. फोटो, अंगठा, सही, दोन साक्षीदार. वीस मिनिटांत ती त्या प्लॉटमधून बाहेर. बाहेर आल्यावर तिनं पर्समधून पाचशेची नोट काढून माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, “स्वेटर घे.” मला भरून आलं. त्या वेळी तरी मला ते अगदी सरळ वाटलं, प्रेमाचं काम.

धाकटी आत्ती आली नाही. तिनं फोनवर सांगितलं, “हक्क सोडणार न्हाई. जामीन राहते. कुठं सही करायची ती सांगा.”

घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. आई म्हणाली, पोरीच्या शिक्षणाला आडवी आली. आप्पा काहीच बोलले नाहीत, हे जास्त वाईट. मी तर रागानं तिला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुझं कर्ज फिटलं न्हाई तर सोडलं काय न् जामीन राहिलं काय, जागा जाणारच. खरं का?”

“हो.”

“आणि फिटलं तर? सोडलेलं मला परत देणार हाईस का?”

मी गप्प.

“मग. मी तुझ्यासाठी धोका घ्यायला तयार हाय. जागा सोडायला न्हाई. बापानं घेतलेली हाय ती. आक्कानं सोडली, तिचं ती. तुझ्या बापानं ट्रॅक्टरवाल्यासाठी न बघता सही केली. मी बघून करतीय. वाचून दाखव मला सगळं, मग येते.”

मी तिला व्हॉट्सॲपवर गहाणखताचा मसुदा वाचून दाखवला. सव्वा तास लागला. ‘संयुक्तपणे व स्वतंत्रपणे’ ह्या शब्दांवर तिनं मला थांबवलं आणि अर्थ विचारला. मलाही माहीत नव्हता. वकिलांना विचारून सांगितलं: बँक सह्या करणाऱ्यांपैकी कुणा एकाकडूनही सगळी रक्कम मागू शकते. “बघ,” ती म्हणाली, “हे तुझ्या बापाला ठाऊक हाय का विचार.” ठाऊक नव्हतं.

सही करायला ती आली तेव्हा डबा घेऊन आली, शेंगदाण्याची चटणी आणि धपाटी. आईनं तिला पाणी दिलं, चहा विचारला नाही. आत्तीनं स्वतःच आत जाऊन चहा ठेवला, सगळ्यांना दिला. मी त्या घरात पंचवीस वर्षं राहिले, पण माझ्या नावाचा उतारा कुठे असेल ह्याचा विचार मी त्या दिवसापर्यंत केला नव्हता. धाकट्या भावाचा मात्र सगळ्यांनी गृहीत धरलेला होता.

आज्जीचा अंगठा हे वेगळंच प्रकरण. बँकेत आधारसाठी यंत्रावर बोट ठेवलं की लाल दिवा. दहाही बोटं झाली. आयुष्यभर खुरपं, शेण, चुलीची राख, रेषा झिजून गेलेल्या. बँकेतल्या मुलीनं ओल्या फडक्यानं बोट पुसलं, तेल लावलं, पुन्हा पुसलं. शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटाला हिरवा दिवा लागला. आज्जी म्हणाली, “ह्या बोटानं काय काम केलं न्हाई जणू.”

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कर्ज मंजूर झालं. वकील, व्हॅल्युअर, मुद्रांक, नोटीस मिळून सतरा हजार वेगळे गेले. हे कुठल्याच कर्जाच्या जाहिरातीत नसतात, म्हणून सांगितले.

पैसे पाठवायचा दिवस. गूगलवर युरो ९१ रुपये आणि काही पैसे, बँकेचा दर ९३ च्या जवळ. एका युरोला दीड रुपया जास्त म्हणजे अकरा हजार युरोंवर सतरा हजार. हा काउंटरवरचा छापील दर असतो. रक्कम मोठी असेल तर बँकेच्या ट्रेझरीकडून वेगळा दर मागवता येतो, फक्त तो मागावा लागतो. हे मला फॅक्टरीतल्या खरेदी विभागातल्या एका सरांनी सांगून ठेवलं होतं. मी मागितला. तासभर थांबवलं आणि ९२ ला आले.

मग परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म. समोरच्या बाबूनं विचारलं, “हे पैसे कुठे चाललेत?” मी म्हटलं, “जर्मनीत, माझ्याच नावाच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये.” त्यानं ‘परदेशात खातं उघडण्यासाठी’ हा कोड टाकला. पडद्यावर टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते त्या कराचा, आकडा आला: सहासष्ट हजार दोनशे. सात लाखांच्या वरच्या रकमेवर वीस टक्के. माझ्या पोटात गोळा आला. शिक्षणाचा कोड, एस०३०५, टाकला तर तेव्हा स्वतःच्या पैशांवर पाच टक्के आणि शैक्षणिक कर्जाच्या पैशांवर फक्त अर्धा टक्का. म्हणजे साधारण सोळाशे पन्नास रुपये. माणूस तोच, खातंही तेच, रकान्यातल्या एका कोडनं पासष्ट हजारांचा फरक. टीसीएस विवरणपत्र भरून परत मिळतो हे खरं, पण तो परत येईपर्यंत मी उड्डाणाच्या तारखेला काय सांगणार होते? मंजुरीपत्र आणि ॲडमिशन लेटर दाखवून कोड बदलून घेतला. बाबू तसा चांगला होता, त्यानंही असं प्रकरण पहिल्यांदाच बघितलं. आता एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा दहा लाखांची झाली आहे आणि शैक्षणिक कर्जावरचा टीसीएस उठला आहे. माझ्या मागून येणारे सुटले.

ब्लॉक्ड अकाउंटचं प्रमाणपत्र आलं त्या दिवशी मी गावात पेढे वाटले. घाई झाली.

व्हिसाची तारीख मिळाली सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली. आणि ऑगस्टच्या अखेरीला विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एकानं टाकलं: १ सप्टेंबर २०२४ पासून ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम ११,९०४ युरो. महिन्याला ९३४ ऐवजी ९९२. तिथल्या विद्यार्थ्यांना सरकार जी मदत देतं तिचा दर वाढला की ही रक्कमही वाढते. मी तीनदा वाचलं. माझी तारीख ऑगस्टातली असती तर जुनी रक्कम चालली असती. वारस नोंदीचे पंधरा दिवस, ट्रॅक्टरचे पंधरा दिवस, ते सगळे तिथे येऊन बसले.

कमी पडत होते ६९६ युरो. पासष्ट हजार रुपये. बँकेकडून वरचा हप्ता काढायचा तर पुन्हा विभागीय कार्यालय. माझी साठवण मार्जिनमध्ये आणि खर्चात संपलेली. आई कपाटाकडे गेली. आप्पा म्हणाले, “थांब.” तासगावच्या कोल्ड स्टोरेजला आमचा बेदाणा होता, दिवाळीला भाव येईल म्हणून ठेवलेला. पंधरा किलोचे चाळीस बॉक्स त्यांनी दुसऱ्या दिवशी सौद्यात काढले. भाव पडलेलाच होता. मी त्यांच्याबरोबर गेले होते. सौद्यात व्यापारी मूठभर बेदाणा उचलतो, दाबून बघतो, दोन दाणे तोंडात टाकतो आणि पुढे सरकतो. आप्पांनी त्या वेळी कुणाच्याच तोंडाकडे बघितलं नाही. पट्टी हातात आल्यावर म्हणाले, “बास झालं का?” सातशे रुपये उरले होते. त्यात आम्ही मिसळ खाल्ली.

व्हिसाचं फारसं सांगण्यासारखं नाही. फाइल नीट लावलेली असली की मुंबईत अर्ध्या तासात काम होतं. ७५ युरो फी. चार आठवड्यांनी पासपोर्ट आला, तोवर मॅग्डेबर्गला वर्ग सुरू होऊन गेले होते. सामानाच्या याद्या सगळे विचारतात. कुकर न्या आणि मसाला न्या, स्वेटर तिथेच घ्या. आत्तीचे पाचशे रुपये मी अजून मोडलेले नाहीत.

एक गोष्ट मात्र कुणीच सांगितली नव्हती. पोचल्या पोचल्या ब्लॉक्ड अकाउंटमधला छदामही हातात येत नाही. आधी राहायची खोली, मग महापालिकेत पत्त्याची नोंद, मग जर्मन बँकेत खातं, आणि मग तिथे ९९२ युरो येतात. मला एकोणीस दिवस लागले. त्यात खोलीचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं. हजार-बाराशे युरो वेगळे हाताशी नसतील तर माणूस रडकुंडीला येतो. मी मामानं दिलेल्या फॉरेक्स कार्डावर आणि ब्रेड-बेदाण्यावर ते दिवस काढले. आप्पांनी बॅगेत दोन किलो बेदाणा घातला होता, सौद्याच्या आधीच काढून ठेवलेला.

आता तिसरं सत्र चालू आहे. विद्यापीठाच्याच लॅबमध्ये आठवड्याला काही तास काम मिळालं. विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. किमान वेतन मी आले तेव्हा तासाला १२.४१ युरो होतं, जानेवारी २०२५ मध्ये ते १२.८२ झालं होतं. ९९२ युरोंत भाडं, दीडशेच्या आसपास आरोग्य विमा आणि जेवण भागतं, पण शिल्लक राहत नाही. लॅबच्या पैशांतून मी गावच्या बँकेचं व्याज भरते, महिन्याला साधारण साडेआठ हजार रुपये. शिक्षण चालू असताना हप्ता सक्तीचा नाही, पण न भरलेलं व्याज शेवटी मुद्दलात जाऊन बसतं, आणि ते कुणाच्या अडीच गुंठ्यांवर बसतं ते मला माहीत आहे. दुसऱ्या वर्षाची रक्कम अजून उचललेली नाही.

थोरल्या आत्तीचा फोन सणावाराला येतो. धाकटीचा मेसेज दर महिन्याच्या पाच तारखेला, न चुकता: “व्याज गेलं का?” मी स्क्रीनशॉट पाठवते. ती अंगठा टाकते. आईला वाटतं हे जरा जास्तच आहे. मला आता त्या मेसेजची सवय झाली आहे, एखाद्या महिन्यात सहा तारीख उजाडली तर मीच तिला विचारते, बरी आहेस ना.

परवा पाच तारखेला अंगठ्याऐवजी फोटो आला. ती एसटीनं विट्याला जाऊन प्लॉट बघून आली होती. फोटोखाली व्हॉइस मेसेज: “रस्त्याकडंची तार तुटलीय. कुणीतरी विटा टाकल्यात आत. तुझ्या बापाला सांग. मी सांगून बघितलं, माझं ऐकत न्हाई.”